बाराव्या आकड्यानंतर

मी हेमंत आळतेकर नाही, हे मला पहिल्यांदा कळलं ते कुकरची रबरी रिंग मागवताना.

आमचा कुकर जुन्या घडणीचा. त्याची रिंग मिरजेच्या एकाही भांडीवाल्याकडे मिळत नाही. तीन दुकानदारांनी तर "काका, नवा कुकरच घ्या की" असा फुकटचा सल्ला दिला. म्हणून फोन उघडला, रिंग शोधली, कार्डाचे सोळा आकडे टाकले आणि बटण दाबलं. पडद्यावर पाटी आली : 'आपण या कार्डाचे धारक असल्याचे दिसत नाही.' चष्मा पुसून पुन्हा सगळं केलं. पुन्हा तेच. खाली लहान अक्षरांत लिहिलं होतं, की आता एकच प्रयत्न शिल्लक आहे आणि माझ्याशी बोलायला माणूस पाठवला जाईल.

चौतीस वर्षं मी वजनमापे निरीक्षक होतो. विट्यापासून जतपर्यंतच्या बाजारांत किती तागड्या मी उलट्या करून बघितल्या असतील, त्याची गणती नाही. तागडीखाली चिकटवलेली चिंच, तळाला पोखरलेली मापं, दांडीला बांधलेला केस, असले सगळे प्रकार पाहिले. आयुष्यभर दुसऱ्यांना खोटं ठरवणारा माणूस मी. आता एका काचेच्या तुकड्यानं मलाच खोटं ठरवलं होतं, आणि माझ्या नाकावरचा राग आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

खरं तर तो राग ऐकून घेणारं माणूस घरात नव्हतं. उज्ज्वला जाऊन आठ महिने झाले होते.

*

यंत्रानं नाकारलेल्या माणसाला जिवंत माणसानं जाऊन भेटायचं, असा आता कायदा आहे. त्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी सकाळी कार्डकंपनीची मुलगी दारात उभी राहिली. शर्वरी शेडबाळे, जयसिंगपूरची. वय फार तर अठ्ठावीस. मी तिला खुर्ची द्यायच्या आधीच आवाज चढवला.

"काय हो, मी मी नाही तर कोण आहे?"

"तेच बघायला आले की काका," ती म्हणाली. "आधी पाणी द्या, मग भांडू."

मुलगी बरी वाटली. मी पाणी दिलं.

तिनं मला जे सांगितलं त्यातलं बरंचसं मला आधीच माहीत होतं, पण नीट लावून ते कोणी सांगितलं नव्हतं. आपण कार्डाचा आकडा टाकतो तेव्हा तो उघडा प्रवास करत नाही, फोनमधून निघतानाच त्याचं कुलूपबंद सांकेतिक रूप होतं. दुकानदाराच्या हाती तर तेही लागत नाही. त्याला मिळतं नुसतं टोकन. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो तसं. तो बिल्ला दुसऱ्या देवळात चालत नाही, आणि चोरला तरी चोराला त्यावरून चप्पल कशी आहे हे कळत नाही. पूर्वी यावर आणखी एक राखण होती, ओटीपीची. पण लोक फोनवर गोड बोलणाऱ्याला ओटीपी सांगून मोकळे व्हायचे. पुढे तर चोर मुलाच्या, भावाच्या हुबेहूब आवाजात फोन करायला लागले. सात वर्षांपूर्वी ओटीपी बंद झाला आणि त्याच्या जागी हस्तखूण आली.

"म्हणजे बोटाचा ठसा?" मी विचारलं.

"ठसा नव्हे. ठशाची नक्कल होते. ही तुमची रीत असते, काका. एका आकड्यावरून दुसऱ्यावर जायला बोटाला किती वेळ लागतो, फोन किती कलतो, हात कुठं थरथरतो, कुठं थांबता. शंभरेक गोष्टी. प्रत्येक खरेदीला यंत्र ते शिकत जातं."

"आणि ती रीत कोणी चोरली तर?"

"ती कुणालाच दिसत नाही. मलासुद्धा नाही. तिचं असं रूप करून ठेवतात की उलट उकलता येत नाही. फक्त नवी खरेदी तिच्याशी ताडून बघायची. जुळली की नाही, किती जुळली, एवढंच उत्तर मिळतं."

हे मला लगेच समजलं. आमच्या कचेरीत प्रमाण वजनं असायची, मखमलीच्या पेटीत. त्यांनी कधी कोणी भाजी तोलली नाही. ती फक्त ताडून बघायला. मी तिला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "अगदी तसंच!" आणि पहिल्यांदा हसली.

मग तिनं तिच्याजवळच्या काचेच्या पाटीवर, फोनहून मोठ्या, काहीतरी उघडलं आणि तिचा चेहरा गोंधळला.

"काका, एक खरं सांगा. ही खरेदी कोण करायचं घरात?"

"मीच."

"एकटे?"

 एकट्यानं आम्ही एकदाही केली नव्हती.

*

आमच्या घरात नियम होता. फोन माझ्या हातात, कार्ड उज्ज्वलाच्या हातात. हा नियम तिचाच. माझ्या कचेरीतल्या एका मित्राला फोनवरून कोणीतरी गंडवलं, तेव्हापासून तिनं तो घातला. बँकेच्या लॉकरला कशा दोन किल्ल्या लागतात, तसं. कार्ड ती पिनांच्या डबीत ठेवायची आणि फोनमध्ये ते साठवू द्यायची नाही. "दर वेळी सोळा आकडे टाकायला बोटं झिजतात का तुमची?" असं म्हणायची.

मग जेवणाच्या टेबलाशी आम्ही समोरासमोर बसायचो. ती एकेक आकडा वाचायची, मी टाकायचो. चार आकडे झाले की थोडी थांबायची. शेवटचं बटण दाबायच्या आधी हात वर करून "थांबा" म्हणायची, आणि ती वस्तू खरंच लागणार आहे का याचा विचार करायची. कधी कधी म्हणायची, "नको, राहू दे." मी चरफडत फोन खाली ठेवायचो.

हे सगळं मी शर्वरीला सांगितलं. ती पाटी मांडीवर ठेवून ऐकत राहिली.

"म्हणजे काका, बोटं तुमची आणि चाल काकूंची."

"असं म्हण."

"यंत्राला दोन माणसं कळत नाहीत. एका कार्डाला एक माणूस, एवढंच त्याला शिकवलंय. सहा वर्षं ते तुम्हा दोघांना मिळून एक माणूस समजत आलं. परवा तुम्ही एकटे बसलात, तर त्याच्या दृष्टीनं दुसराच कोणीतरी आला."

मला हसू यायला हवं होतं. उज्ज्वला असती तर पदर तोंडाला लावून हसली असती. मला रडू आलं, आणि परक्या मुलीसमोर आलं म्हणून स्वतःचा राग आला. ती खिडकीबाहेर बघत बसली.

मग तिनं मला दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे ती जुनी खूण आत्ताच पुसते आणि माझी एकट्याची नवी घेते. दहा वेळा आकडे टाकले की काम झालं. दुसरी वाट, मी उरलेला एक प्रयत्न करून बघायचा. जुळला तर जुनी खूण राहते, वापरात राहील तोवर राहते. चुकला, किंवा नव्वद सेकंदांत पुरा झाला नाही, तर चोरी समजून यंत्र ती आपोआप पुसून टाकतं. पुसलेली परत आणता येत नाही.

"बहुतेक सगळे पहिलीच वाट घेतात," ती म्हणाली.

"त्या खुणेत उज्ज्वला आहे का?"

ती म्हणाली, "काकूंच्या थांबण्याच्या जागा आहेत."

तिचे फोटो आहेत माझ्याकडे, साड्या आहेत, मुलीच्या लग्नातली चित्रफीत आहे. पण सगळ्यांत ती फोटोसाठी बसलेली, नाहीतर पाहुण्यांपुढे वावरणारी. माझ्यासमोर टेबलाशी बसलेली, मला अडवणारी, माझ्याशी हुज्जत घालणारी उज्ज्वला जगात फक्त त्या एका कुलपात उरली होती. ती मला बघता येणार नव्हती. तिला फक्त "ही तूच का?" असं विचारता येणार होतं, तेही एकदाच.

"मी प्रयत्न करणार," मी म्हटलं.

*

ती निघायला उठली, पण गेली नाही. पाटी पुन्हा उघडून म्हणाली, "आत काय आहे ते दिसत नाही, पण खूण कधी आणि कुठं हलली त्याची नोंद मला दिसते. ती ग्राहकाला दाखवायला हरकत नसते."

एक रेघ होती. पाच वर्षं सरळ. मग गेल्या वर्षीच्या वैशाखापासून ती हळूहळू वर चढत गेली होती.

"हा बदल एकाच जागी आहे. बाराव्या आकड्यानंतर. आधी तिथं अर्धा सेकंद थांबायचं. श्रावणात एक झाला, दसऱ्याला दीड, आणि शेवटच्या खरेदीला साडेतीन. काय घेतलं होतं शेवटी?"

"ऑक्सिजनचं यंत्र," मी म्हटलं.

ते मार्गशीर्षात घेतलं होतं. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, की उज्ज्वलाची फुप्फुसं आकसत चालली आहेत. तेव्हा ते आणखी एक वाक्य बोलले होते. तिला सहा-सात महिने आधी आणलं असतं तर औषधांनी हे बरंच थोपवता आलं असतं. आधी कसं आणणार, असं मी त्यांनाच विचारलं होतं. ती काही बोललीच नाही कधी, काही दिसलंच नाही. चैत्रात ती गेली.

आणि इथं लिहिलं होतं, वैशाखापासून. बारा आकडे एका दमात वाचणं तिला तेव्हापासून झेपत नव्हतं.

"यंत्राला कळलं होतं?" मी विचारलं.

"बदल कळला होता. का ते नाही."

"मग तेव्हाच नकार का दिला नाही?"

"काका, माणसं म्हातारी होतात, बोटं मंदावतात. त्यासाठी रोज नकार दिला तर लोक कार्डं फेकून देतील. म्हणून बदल हळू असला की यंत्र त्याप्रमाणे स्वतःला लावून घेतं. पुढच्या वेळी तेवढं थांबणं त्याला बरोबरच वाटतं."

"आणि सांगत कोणाला नाही?"

"सांगायची सोय ठेवलेली नाही."

मी कंपनीला, तिच्या साहेबांना, यंत्र करणाऱ्याला नाही नाही ते बोललो. शर्वरीनं सगळं ऐकून घेतलं. जाताना दारात वळून म्हणाली, "गुरुवारी येते, तेव्हाच कार्डाचं कुलूप उघडता येईल. आणि काका, एक सांगते, हे सगळ्यांनाच सांगतो आम्ही. मोजून थांबलेलं यंत्राला लगेच कळतं. माणूस दोनदा सारखा कधीच थांबत नाही."

*

गुरुवारपर्यंत चार दिवस होते. मी शाळकरी पोरासारखा अभ्यासाला बसलो.

सोळा आकडे कागदावर लिहिले, फोनवर नुसता हिशेबाचा आकडेफलक उघडला आणि टेबलाशी माझ्या खुर्चीत बसलो. समोर तिची खुर्ची. मी तिच्यासारखं वाचायचो आणि माझ्यासारखं टाकायचो. ती सात कसा म्हणायची, तर 'सा' जरा लांबवून. शून्याला ती 'पूज्य' म्हणायची, तिच्या आजोळची सवय. नऊ म्हणताना मान हलवायची. एकेक आठवत गेलं. दुसऱ्या दिवशी तर मी वाचता वाचता मध्येच म्हणालो, "अहो, फोन सरळ धरा," आणि खरोखरच फोन सरळ धरला. ते चार दिवस मला बरे गेले. गेल्या आठ महिन्यांत तेवढेच.

फक्त बाराव्या आकड्याशी मला जमत नव्हतं. तिथं मी मनात एक, दोन, तीन म्हणायचो आणि पुढं सरकायचो. मोजू नका म्हणून शर्वरीनं बजावलं होतं, पण ज्यानं जन्मभर मोजमाप केलं त्यानं दुसरं काय करायचं?

पुण्याहून मृण्मयीचा, माझ्या मुलीचा फोन आला.

"बाबा, दहा मिनिटांचं काम आहे. नवीन खूण करून टाका ना. कशाला हा त्रास?"

"तुझी आई आहे त्यात."

"बाबा, त्यात आईचं फक्त थांबणं आहे."

"मग तेवढं तरी ठेवू दे मला!"

पलीकडे ती रडली. मग म्हणाली, "मला तर तिचं दमणं फोनवर ऐकू यायचं. मी विचारलं की म्हणायची, जिना चढून आलेय. दर वेळी जिनाच चढून आलेली असायची. मी विश्वास ठेवला." आमचं घर तळमजल्यावर आहे. मी तिला नीट निरोप न देता फोन ठेवला.

*

गुरुवारी शर्वरी अकराच्या सुमारास आली. कार्डाचं कुलूप उघडलं म्हणाली, आता प्रयत्न करता येईल. मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "मला एक फोन करायचाय. मी व्हरांड्यात थांबते. तुमचं चालू द्या."

मी पिनांच्या डबीतून कार्ड काढलं. डाव्या हातात धरलं, उजव्या हातात फोन. रिंग निवडली, आणि पडद्याच्या कोपऱ्यात नव्वद सेकंद उलटे धावायला लागले.

पहिले चार आकडे तिच्या आवाजात गेले. थोडं थांबलो. दुसरे चार गेले. पूज्यापाशी बोट जरा रेंगाळलं, नेहमीसारखं. मला आतून कळत होतं की बरोबर चाललंय, तागडीचा काटा मधोमध आला की हाताला कळतं तसं. नववा, दहावा, अकरावा. बारावा आकडा टाकला.

इथं मोजायचं नाही असं मी ठरवलं होतं. तिला जे होत होतं तेच करायचं. म्हणून मी छातीतला सगळा श्वास सोडून दिला, आणि लगेच नवा घेतला नाही.

छाती रिकामी झाली. कानांत दडे बसले. डोळ्यांपुढे अंधारल्यासारखं झालं, आणि मला ती दिसली. समोरच्या खुर्चीत, एक तळवा टेबलाच्या कडेवर रोवलेला, तोंड किंचित उघडं. श्वास परत येईपर्यंत ती पदरानं कार्ड पुसायची. कार्डावर धूळ कशी असेल, ते तर डबीत असायचं! मी ते पुसणं पाहिलं होतं. किती वेळा पाहिलं होतं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून, फोनवरची नजर न हलवता. आणि पुढचा आकडा येईपर्यंत मी थांबायचो. आधी अर्धा सेकंद, मग एक, मग दीड. शेवटी साडेतीन. माझं बोट तिच्यासाठी थांबायला शिकलं होतं, आणि एकदाही माझ्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

"उज्ज्वला," मी म्हटलं, "दम लागतोय का गं?"

मोठ्यानं म्हटलं. वैशाखात म्हणायला हवं होतं ते.

ती काही बोलली नाही. मी पुन्हा विचारलं. "जिना वगैरे सांगू नकोस. खरं सांग. उद्या डॉक्टरकडे जाऊ या?" हातातलं कार्ड खाली ठेवलं आणि हात पुढे केला. चार आकडे बाकी होते, ते मला दिसत होते, सेकंद पळताना दिसत होते. पण तिला विचारून उत्तर न ऐकताच पुढचे आकडे टाकायचे, हे मी त्या वैशाखापासून शेवटच्या खरेदीपर्यंत केलं होतं. पुन्हा एकदा करणं मला जमेना.

पडद्यावर पाटी आली. 'वेळ संपली. या कार्डाची जुनी हस्तखूण सुरक्षेसाठी काढून टाकण्यात आली आहे.'

*

शर्वरी आत आली. तिनं पडदा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. व्हरांड्यात तिला सगळं ऐकू गेलं असणार. स्वयंपाकघरात जाऊन तिनंच पाणी आणलं.

मग ती म्हणाली, "काका, त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते बरोबर होतं. एवढा बदल होतो तर माणसाला सांगायला पाहिजे. तुम्ही लेखी तक्रार द्या. वर पाठवायचं काम माझं. कदाचित दुसऱ्या कोणाला तरी वेळेवर कळेल."

तिनं तक्रारीचा नमुना उघडला आणि विचारत गेली. नाव, पत्ता, कार्ड कधीपासून. मी सांगत गेलो. नोकरीत असे शेकडो नमुने मी स्वतः भरले होते. कोणाचं वजन कितीनं कमी, आणि निरीक्षकाच्या लक्षात केव्हा आलं.

"बदल केव्हा सुरू झाला?"

"वैशाखात."

"तक्रारदाराच्या लक्षात केव्हा आला?"

"आत्ता, तासाभरापूर्वी."

तिनं ते लिहिलं. मग पुढचा रकाना वाचला. "तक्रार कोणाविरुद्ध?"

"लिही. हेमंत दत्तात्रय आळतेकर."

"काका..."

"तुमच्या यंत्राविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. त्यानं निदान नोंद तरी ठेवली होती."

शर्वरीनं पाटी खाली ठेवली. लिहिणार नाही म्हणाली. मी ती उचलून तिच्या हातात दिली आणि माझं नाव तिच्याकडून लिहून घेतलं.